शाली आवाज खातेत

दिवाकरभाऊ गाणं ऐकायच्या आधी तोंड धुवायचे. तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायचा, माझ्या दुकानासमोरच्या नळावर खळखळून चुळा भरायच्या, रुमालाने मिशी पुसायची आणि मग आत येऊन स्पीकरकडे पाठ करून उभं राहायचं. कोणी हसलं की डोळे वटारायचे. "तोंड भरलं असलं का कान बी भरते. तुमाले नाई समजाचं." देवळात जाताना हा माणूस तोंड धुवायचा की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्या बायकोचं, कमलबाईंचं म्हणणं, नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आमच्या झाडीपट्टीतल्या हजारो लोकांनी त्यांचं काम ऐकलंय, पण त्यांना कोणी ओळखत असेल असं वाटत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, घरोघरी पाहुणे उतरतात आणि जेवणं उरकली की सगळं गाव मंडपात नाटकाला जाऊन बसतं. लोक बघतात रंगमंचाकडे. त्याच मंडपात लोकांच्या मधोमध एक टेबल असतं, त्यावर आवाजाचा मिक्सर, आणि त्यामागे केसांना काळाभोर कलप लावलेला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक माणूस. ते आमचे भाऊ. एका नाटक कंपनीचा सगळा आवाज वर्षानुवर्षं त्यांच्या बोटांखाली होता, आणि याचा त्यांना भयंकर गर्व होता. "नट चुकला तं लोक माफ करतेत," म्हणायचे, "आवाज चुकला तं लोक उठून जातेत."

माझं मूल गावात औषधांचं दुकान आहे, राइस मिलच्या भिंतीला लागून. दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा मी काउंटरमागे लॅपटॉप उघडते आणि संगीत तयार करते. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की आमच्याकडे लोकांना वरातीतला डीजे आठवतो आणि बायका माझ्याकडे जरा काळजीने बघतात. माझ्या आईला तर वाटायचं, हिशेबाचं काम चाललंय. मी करत काय होते, तर भिंतीपलीकडच्या मिलचे आवाज मोबाईलवर धरायचे आणि त्यातून गाणं उभं करायचं. पट्ट्याची धडधड खाली, लोखंडी चाळणीचा खडखडाट मध्ये, आणि पोतं रिकामं करताना धान पडतं त्याचा बारीक सर्र आवाज सगळ्यांच्या वर.

भाऊ पहिल्यांदा आले ते कानात घालायचे थेंब घ्यायला. लॅपटॉपवर माझं गाणं चालू होतं. थेंबांची बाटली हातात घेऊन ते तसेच उभे राहिले.

"हे कोनाचं हाये?"

"माझं," मी म्हटलं. कौतुक ऐकायच्या तयारीतच म्हटलं.

"खालचा आवाज लंगडून राह्यला," ते म्हणाले, आणि निघून गेले.

असा संताप आला मला! मी ते गाणं इंटरनेटवर टाकलं होतं, कुठकुठल्या अनोळखी लोकांनी खाली आगीची चित्रं काढली होती, 'लय भारी' लिहिलं होतं. आणि हा कोण कानात थेंब घालणारा मला सांगणार? रात्रभर धुसफुसत राहिले. सकाळी हेडफोन लावून ऐकलं. पट्ट्याचा ठोका आणि खालचा घुमणारा सूर एकाच वेळी यायचे आणि एकमेकांना दाबायचे. लंगडतच होतं की हो ते!

मग ते दर बाजाराच्या दिवशी यायला लागले. मी आठवडाभर खपून गाणं दुरुस्त करायची आणि ते येऊन त्यात खोट काढायचे. मिक्स करणं म्हणजे शेवटी काय, तर सगळ्या आवाजांना आपापली जागा मिळवून देणं. हे मला कुठल्याही व्हिडिओने पटवलं नाही, भाऊंनी पटवलं. "दोघं बी एकाच दारातून घुसून राह्यलेत, पोरी. एकाले थांबव." नाहीतर, "ह्या बिचाऱ्याले काऊन बोलावलं? कामच नाई त्याले. घरी पाठव." आवाज घुमवायचा मला फार सोस, तर त्याला म्हणायचे, "पुन्हा इहिरीत उतरली तू! निघ भाहीर." चांगलं कधीच म्हणायचे नाहीत. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, "भाऊ, यातलं काहीच आवडलं नाही का तुम्हाला?" जरा विचार करून म्हणाले, "ते धान पडते ना, ते. ते आयकून वाटते घरी कापनी झाली."

सगळंच त्यांचं बरोबर असायचं असं नाही हं. हेडफोनवर त्यांचा राग होता, बायकांच्या आवाजाला ते उगाच पातळ करायचे, आणि जुन्या नाटकांच्या गाण्यांपुढे नवं काही असू शकतं हे त्यांना मान्यच नव्हतं. आमची भांडणं व्हायची. भांडून गेले तरी पुढच्या बाजाराला नळावर चुळा भरल्याचा आवाज यायचाच. मला त्या आवाजाची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर वाट बघायची सवय झाली होती.

शालींची गोष्ट त्यांनी मला एका रिकाम्या मंडपात शिकवली. जवळच्याच गावची मंडई होती. दुपारी ते आवाजाची चाचणी घ्यायचे, मला मुद्दाम बोलावून घेतलं. माईकवरून कोणी बोलत होतं ते माझ्या कानाला जरा टोचत होतं. मी तसं म्हटलं.

"टोचनच," ते म्हणाले. "आता मंडप खाली हाये. पब्लिक बसली का पायजो. थंडीचे दिवस, हर एक मानूस शाल नाई तं चादर गुंडाळून येते. शाली आवाज खातेत. खालचा जाडा नाई खात, वरचा बारीक खातेत. म्हून वरचा उलसाक जादाच ठेवाचा. भरल्या मंडपात बरोबर बसते."

आणि बसला! मंडप भरल्यावर तोच आवाज असा स्वच्छ, असा गोड लागला की मी थक्क झाले. आमच्या भागातले सगळे साउंडवाले हे असंच करतात, हे नंतर कळलं. कंपनीचे मालक, नट, वाजवणारे, सगळ्यांना ठाऊक असतं की दुपारी आवाज टोचणार. टोचला तरी कोणी तोंडातून शब्द काढत नाही. साउंडवाल्याला त्याबद्दल बोलणं म्हणजे स्वयंपाक होण्याआधीच मीठ कमी आहे म्हणण्यासारखं.

पुढच्या हंगामाच्या आधी भाऊंनीच मालकांकडे शब्द टाकला, आणि नाटकाचा पडदा उघडताना माझं राइस मिलचं गाणं वाजवायचं ठरलं. मला तर रात्री झोप येईना. आता भाऊ हात धुऊन मागे लागले. पण त्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट यायला लागली.

"वरचं कुठी गेलं? धान कुठी गेलं?"

मी धान वर केलं.

पुढच्या बाजाराला पुन्हा, "धान दबलं. चकाकी नाई."

आणखी वर केलं. माझ्या कानाला ते झोंबायला लागलं होतं. मी म्हटलं तर भाऊ चिडले. "दुकानात झोंबनच. तुया दुकानात शाली हायेत का? मंडपात पायजो." मला पटलं. का पटू नये? मी डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं. त्याच सुमारास कमलबाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. हसत हसत म्हणाल्या, "आमच्या घरच्या टीव्हीचा आवाज यायनं एवढा मोठा केला बाई, का शेजारची म्हतारी तिच्या घरी बसून आमची सीरियल आयकते." मीही हसले.

त्या वर्षीच्या पहिल्या मंडईला मी दुपारीच गेले. मंडप रिकामा होता, पोरं सतरंज्या अंथरत होती. रंगमंचावर नायिकेचं काम करणारी बाई माईकसमोर उभी राहून आपली वाक्यं म्हणत होती. भाऊ टेबलामागे. त्यांनी एक बटण वर सरकवलं आणि मंडपात शिट्टी उठली. माईकचा आवाज स्पीकरमधून पुन्हा माईकमध्ये शिरला की उठते ती, सुईसारखी बारीक. सतरंज्या टाकून पोरांनी कान धरले. नायिका मागे सरली. मालक चहाचा कप ठेवून ओरडत आले.

भाऊ शांत बसले होते. रंगमंचाकडे बघून ते म्हणाले, "काऊन थांबली वो बाई? बोल ना."

शिट्टी चालूच होती.

मी धावत टेबलाशी गेले आणि ते बटण खाली ओढलं. शिट्टी थांबली. भाऊंनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग पोरांकडे. पोरं कानावरचे हात काढत होती. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या माणसाचा चेहरा असा उतरलेला मी कधी बघितला नव्हता.

"वायर ढिली हाये," ते मालकांना म्हणाले. "पायतो मी."

मालक गेले. भाऊ वायरींशी उगाच खुडबुडत राहिले आणि मान वर न करता मला म्हणाले, "आज तू माया बाजूले बस."

बसले. माझं गाणं वाजलं, पडदा उघडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यातलं काहीएक आठवत नाही. मी सगळा वेळ टेबलाखाली भाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवून होते. आवाज टोचायला लागला की हात दाबायची, आणि ते खाली करायचे. नाटक पार पडलं, कोणाला काही कळलं नाही. पण दर दाबाला त्यांचा पाय दचकायचा आणि मला रडू यायचं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. बाजार नव्हता. शटर अर्धं ओढून घेतलं त्यांनी, स्टुलावर बसले.

"पोरी, मी तुया गान्याचं सांगत होतो ना? लाड केला का कधी?"

"नाही."

"मंग आता तू माया कानाचं सांग. लाड नको करू."

मी लॅपटॉपवर एक साधा सूर लावला, खालून हळूहळू वर चढत जाणारा, आणि म्हटलं, ऐकू येईल तोवर बोट वर ठेवा. त्यांनी बोट वर केलं आणि डोळे मिटले. सूर चढत गेला. घुमणारा आवाज शिट्टीसारखा झाला, मग त्याहून बारीक. बोट वरच होतं. मला वाटलं, देवा, माझीच चूक असू दे. आणि तेवढ्यात बोट हळूच खाली आलं.

सूर चालूच होता. मला लख्ख ऐकू येत होता, इतका की दात शिवशिवत होते. मी तो बंद करू शकले असते. पण लाड करू नको म्हणाले होते.

डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "झालं का?"

"नाही भाऊ."

"अजून सुरू हाये?"

"हो."

त्यांनी कान स्पीकरकडे वळवला. "आता?"

"हो."

त्यांनी डोळे उघडले आणि स्पीकरकडे बघत राहिले, कितीतरी वेळ. आवाज संपल्यावर मी तसं सांगितलं. "लय दूर जाते वो," एवढंच म्हणाले.

चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. आयुष्यभर स्पीकरांपुढे बसून कानाची नस झिजली, असं त्यांनी सांगितलं. वरचे बारीक आवाज गेले ते गेले, परत येणार नाहीत. मशीन लावली तर बोलणं जरा बरं ऐकू येईल. परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात म्हणाले, "म्हंजे मी मांगच्या साली बी चुकीचंच ठेवलं असन आवाज. आन त्याच्या मांगच्या साली. लोक काऊन नाई बोल्ले?"

"त्यांना वाटलं, शालींसाठी ठेवलाय."

"मले बी तेच वाटलं ना," ते म्हणाले.

कानाचं कोणालाही न सांगता ते हंगाम काढू शकले असते. मी बाजूला बसायला तयार होते, तसं म्हटलंही. पण भाऊ थेट मालकांकडे गेले आणि म्हणाले, माये कान गेले, खुर्ची दुसऱ्याले द्या. मालकांना धक्काच बसला. नुसतं बसून राहा, नवीन माणसाला शिकवा, असं किती विनवलं त्यांनी. भाऊ ऐकेनात. "तिथी बायको मरते नाटकात, नट रडून राह्यलेला असते," मला सांगत होते, "आन लोक कान धरून बसतेत माया पायी. असं नाई चालत. नाई चालत." मी त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर ते घरीच बसले. कलप लावणं सुटलं, महिन्याभरात डोकं पांढरं झालं. मशीन आणली ती डबीतच राहिली. कमलबाई गोळ्या न्यायला यायच्या, पण आता टीव्हीवर हसायच्या नाहीत. "बोलतच नाईत बाई," म्हणायच्या. "मी बोलली तं 'हो' म्हनतेत. काय बोलली ते आयकलं बी नसते."

मी माझं गाणं पुन्हा उघडलं. भाऊंच्या सांगण्यावरून चढवलेली सगळी चकाकी उतरवली. धानाचा आवाज पूर्वीसारखा हलका केला. नवीन साउंडवाल्याने तेच मंडईत वाजवलं आणि लोकांना आवडलं. पण मला चैन पडेना. या रूपात भाऊंना त्यातलं धान कधीच ऐकू येणार नव्हतं. मग मी आणखी एक मिक्स केलं, फक्त त्यांच्यासाठी. त्यांच्या कानाला जिथवर पोचतं तिथे धानाचा सूर उतरवून आणला आणि करता येईल तितका मोठा केला. माझे कान दुखायचे. करताना मधेमधे लॅपटॉप मिटून बसायची. कमलबाईंकरवी निरोप धाडला, भाऊंना पाठवा.

ते आले. मी काही सांगितलं नाही, नुसतं गाणं लावलं. पाठ करून उभे होते. धान पडायला लागलं तसे ते वळले. चेहरा असा खुलला, काय सांगू! "आलं," म्हणाले. "आलं वो पोरी, धान आलं." डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं.

तेवढ्यात काउंटरशी एक म्हातारी येऊन उभी राहिली, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पदर घेऊन दोन्ही कान दाबले आणि मागे सरली. भाऊंनी तिला बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे मायासाठी केलं तू?"

"हो."

"मिटव."

"भाऊ, हे कुठं वाजवायचं नाहीये. फक्त तुमच्यासाठी."

"एका मानसासाठी गानं बिघडवते का कोनी? मिटव म्हनलं ना!" इतके मोठ्याने ते माझ्यावर कधीच ओरडले नव्हते. काउंटरच्या आत आले, स्क्रीनवर डोळे लावून उभे राहिले. मी ते मिक्स मिटवलं तेव्हाच हलले. मग ओढून स्टूल म्हातारीपुढे ठेवलं. "बसा बाई. आता नाई टोचत. पोरीनं बनवलं हाये, आयका." आणि मला म्हणाले, "लोकायचं लाव."

मी लोकांचं लावलं. म्हातारी पदर सावरून बसली आणि मान खाली घालून ऐकू लागली. भाऊ तिच्या तोंडाकडे बघत होते, गाणं संपेपर्यंत. ती हळूच काहीतरी म्हणाली.

"काय म्हनली?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "म्हणतात, कुठीतरी धान ओतून राह्यले वाटते."

"मंग झालं," भाऊ म्हणाले, आणि म्हातारीची चिठ्ठी घेऊन माझ्या हातात दिली.